शिकणारा कोण?
आर्मेनियन भाषेच्या प्रवेशग्रंथांविषयी काही विचार

कोणत्याही भाषेचे प्रवेशपुस्तक हाती घेतले म्हणजे त्यात काय शिकविले आहे हे पाहण्यापूर्वी ते कोणास शिकवू पाहते हे पाहावे. दस्तऐवज वाचताना वकील प्रथम पक्षकार कोण ते पाहतो, आणि मगच अटींकडे वळतो. कारण एकच अट एका पक्षकारास जाचक होते, तर दुसऱ्यास ती सहज पाळता येते. भाषेच्या नियमांचेही तसेच आहे. 'कठीण' आणि 'सोपे' हे भाषेचे अंगभूत गुण नसून शिकणाऱ्याच्या कानाशी आणि जिभेशी त्या भाषेचे जे नाते असते त्याची ती नावे होत. आर्मेनियन भाषेच्या प्रवेशग्रंथांचा इतिहास पाहिला असता हे तत्त्व जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. म्हणूनच या दूरच्या भाषेच्या पुस्तकांची चिकित्सा करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम विषयाची ओळख. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस राहणाऱ्या आर्मेनियन लोकांची ही भाषा आपल्या संस्कृतादी भाषांच्याच महाकुलातील, परंतु त्या कुलातील एक स्वतंत्र शाखा आहे. तिच्यात इराणी शब्दांचा भरणा इतका की, दीर्घकाळ विद्वान तिला इराणी शाखेतच गणीत असत. १८७५ साली जर्मन पंडित हाइन्रिख ह्युब्शमान याने उसने शब्द व मूळचे शब्द वेगळे काढून तिचे स्वातंत्र्य सिद्ध केले. तिची लिपी मेस्रोप मश्तोत्स या धर्मोपदेशकाने इसवी सन ४०५ च्या सुमारास रचली. मूळ अक्षरे ३६. पुढे मध्ययुगात दोन वाढली. या ३६ अक्षरांची नऊनऊंच्या चार ओळींत मांडणी केली की एकं, दहं, शतं, सहस्र असे सर्व अंकही त्यांनीच लिहिता येतात. मश्तोत्साचा शिष्य कोर्युन याने आपल्या गुरूचे चरित्र लिहून ठेविले आहे. त्यावरून दिसते की लिपी सिद्ध होताच भाषांतराचे व अध्यापनाचे काम हाती घेण्यात आले, आणि प्रारंभ बायबलातील नीतिसूत्रांपासून झाला. मुलाच्या हाती धूळपाटी देऊन 'ओनामा' गिरवून घेणाऱ्या आपल्या जुन्या पंतोजींस हा क्रम परका वाटला नसता.

येथपर्यंत पक्षकार कोण याविषयी संशय नाही. शिकविणारा आर्मेनियन, शिकणाराही आर्मेनियन. बोली घरचीच, शिकावयाची ती केवळ अक्षरे. घोटाळा सुरू झाला तो व्याकरण आले तेव्हा. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास डायोनिशियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाचा छोटा ग्रंथ आर्मेनियनमध्ये उतरविण्यात आला. ग्रीकमध्ये तीन लिंगे आहेत, द्विवचन आहे; आर्मेनियनमध्ये लिंगभेद मुळीच नाही आणि द्विवचनही नाही. भाषांतरकार मूळ ग्रंथाशी इतका इमानी की, जे आपल्या भाषेत नाही ते त्याने उदाहरणापुरते घडवून घेतले. कोणाच्या मुखी कधी न आलेली रूपे अशा रीतीने व्याकरणात शिरली. भाषेवर अन्याय झाला तो ग्रंथावरील निष्ठेमुळे!

हे वाचून आपण हसू नये. थॉमस स्टीफन्स यांचे आपल्या प्रदेशातील भाषेचे व्याकरण १६४० साली राचोल येथे छापले गेले, तेव्हा त्याचा साचा लॅटिनचा होता; कारण शिकणारे पाद्री लॅटिन जाणणारे होते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व संस्कृत व्याकरणांचे नमुने होते. मराठीस विभक्ती किती, हा वाद त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चालला. तथापि या दोन प्रसंगांत भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. स्टीफन्स यांचा साचा शिकणाऱ्याच्या सोयीसाठी होता. थ्रॅक्सच्या भाषांतरकाराचा साचा प्रतिष्ठेसाठी होता. पहिल्यास पद्धत म्हणता येईल, दुसऱ्यास भीडच म्हणावी लागेल.

सेबास्तिया गावचा मखितार या संन्याशाने ही भीड प्रथम मोडली असे मला वाटते. त्याने १७०१ साली आपला संप्रदाय स्थापिला आणि १७१७ मध्ये व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर मठ वसविला. जुनी ग्रांथिक भाषा हिला 'ग्राबार' म्हणतात. आजही आर्मेनियन चर्चमधील उपासना तीतच होते. आपल्या देवळांतील मंत्र ज्याप्रमाणे श्रद्धेने ऐकले जातात पण सर्वांस उलगडत नाहीत, तीच तिची स्थिती. तिच्यासमोर बोलीभाषा 'अश्ख़ारहाबार', म्हणजे लौकिक भाषा. मखितारने ग्राबारचे मोठे व्याकरण १७३० मध्ये प्रसिद्ध केले. पण त्याच्या आधीच, १७२७ साली, त्याने लौकिक आर्मेनियनचे एक छोटे व्याकरण छापले, आणि ते लिहिले तुर्की भाषेत, आर्मेनियन लिपीत! कारण उघड आहे. ऑटोमन राज्यातील कित्येक आर्मेनियन कुटुंबांत घरची भाषा तुर्की झाली होती. अक्षरे तेवढी आपली उरली होती. जे त्यांच्यापाशी होते त्याच्या आधाराने, जे हरवले होते ते परत देण्याचा हा यत्न होता. समोरचा विद्यार्थी कोण हे ओळखून लिहिलेले याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच बेटावर १८१६ च्या अखेरीस इंग्रज कवी बायरन आर्मेनियन शिकावयास जाऊ लागला. मनास घासण्यास काहीतरी खडबडीत हवे, असे त्याने मित्रास लिहिले; त्या वर्णमालेस त्याने वॉटर्लूच्या रणाची उपमा दिली. पाद्री हारुत्युन अव्गेरियान हा त्याचा गुरू. गुरुशिष्यांच्या सहकार्याने १८१७ पासून इंग्रजी-आर्मेनियन व्याकरणे त्या मठातून निघाली. बायरनच्या नावामुळे ही गोष्ट फार सांगितली जाते. परंतु तिचा एक अनिष्ट परिणाम झाला. आर्मेनियन म्हणजे बुद्धीच्या कुस्तीचा आखाडा, अशी समजूत युरोपात रूढ झाली. आपण जिला मल्ल समजून भेटतो, ती कोणाच्या तरी घरातील बोलण्याची भाषा आहे, याचा विसर पडणे मग सोपे होते.

विद्वानांचे ग्रंथ याच मार्गाने गेले. आंत्वान मेयेचे १९१३ चे प्राचीन आर्मेनियनचे प्रवेशपुस्तक आजही आदर्श मानतात, आणि ते योग्यच आहे. त्यात शब्दाचा अपव्यय नाही, प्रत्येक विधानामागे पुरावा आहे. पण त्याचा विद्यार्थी तौलनिक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. रॉबर्ट टॉमसन यांचा ग्राबारवरील १९७५ चा प्रवेशग्रंथ इतिहास व धर्मशास्त्र यांच्या अभ्यासकांसाठी आहे. प्राचीन ग्रंथकारांच्या दारापर्यंत तो विद्यार्थ्यास नेऊन सोडतो. दोघांनीही आपला पक्षकार ओळखला आहे, म्हणून दोघेही आपापल्या परी निर्दोष. दोष आपला, जर आपण यांपैकी एखादे घेऊन आजच्या आर्मेनियन माणसाशी बोलू पाहिले तर. केवळ शब्दरूपावली पाठ करून काशीच्या बाजारात भाजी आणावयास जाण्यासारखेच ते होय.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. आजची आर्मेनियन एक नाही, दोन आहेत. पूर्वेची आर्मेनियाच्या प्रजासत्ताकात व इराणात बोलली जाते. पश्चिमेची ऑटोमन राज्यातील आर्मेनियनांची, म्हणजे १९१५ पासूनच्या वंशसंहारातून जे वाचले आणि बैरुत, अलेप्पो, पॅरिस, बॉस्टन अशा नगरांत विखुरले त्यांची. लिपी एकच, पण उच्चार निराळे. पूर्वेचा 'पेत्रोस' पश्चिमेस 'बेद्रोस' होतो, 'ग्रिगोर' तेथे 'क्रिकोर' होतो, आणि लिहिताना अक्षरे तीच. क्रियापदात याहून मोठा फेर पडतो. एक छोटे अव्यय क्रियापदामागे आले की पश्चिमेस त्याचा अर्थ 'मी वाचतो' असा होतो. पूर्वेस जवळजवळ तसेच लिहिलेले रूप 'मी वाचीन' असा अर्थ देते. एकाचे करारपत्र दुसऱ्याने वाचले तर कर्तव्य आजचे की उद्याचे याविषयी दावा उभा राहील! शिवाय सोव्हिएत आर्मेनियात १९२२ साली शुद्धलेखन बदलले आणि १९४० साली त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. पश्चिमेकडील आर्मेनियनांनी व इराणातील पूर्वभाषकांनी जुनेच शुद्धलेखन राखले. आपल्याकडे कोंकणी एक असून तिच्या लिप्या अनेक. तिकडे लिपी एक असून शुद्धलेखने दोन.

अशा स्थितीत 'आर्मेनियन भाषेची ओळख' असे मोघम नाव घेऊन येणारे पुस्तक मला संशयास्पद वाटते. कोणती आर्मेनियन, हे पहिल्या पृष्ठावर सांगितलेच पाहिजे. केव्होर्क बार्दाक्जियान यांनी टॉमसन यांच्यासह १९७७ मध्ये पश्चिम आर्मेनियनचे आणि बर्ट व्हॉ यांच्यासह १९९९ मध्ये पूर्व आर्मेनियनचे पाठ्यपुस्तक दिले. दोहोंस दोन पुस्तके, हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय आहे. मात्र त्याहूनही पुढचे पाऊल दोरा सकायान यांनी टाकले. त्यांचे पश्चिम आर्मेनियनचे पुस्तक २००० साली व पूर्व आर्मेनियनचे २००७ साली आले, आणि दोहोंच्या नावांतच 'इंग्रजीभाषक जगासाठी' असे म्हटले आहे. त्यांची पद्धती व्यतिरेकी आहे. म्हणजे शिकणाऱ्याची भाषा व शिकावयाची भाषा शेजारी ठेवून, जेथे दोघी वेगळ्या वागतात तेथे थांबावयाचे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच शिकणाऱ्याचे नाव घालणारे लेखक विरळा. मखितारच्या १७२७ च्या तुर्की पुस्तकाचे हे वंशज आहे असे मी म्हणेन.

हा केवळ पद्धतीचा प्रश्न नव्हे. युनेस्कोच्या २०१० च्या सूचीत पश्चिम आर्मेनियनची गणना निश्चितपणे धोक्यात असलेल्या भाषांत झाली आहे. तिच्यामागे स्वतःचे राज्य नाही, न्यायालय नाही, सक्तीची शाळा नाही. विखुरलेल्या कुटुंबांतील पुष्कळ मुले आजीची भाषा आता आजीकडून न शिकता पुस्तकातून शिकतात. प्रवेशपुस्तकाने आईची जागा घेतली असता, ते बेसावधपणे लिहिण्याचा अधिकार कोणासही उरत नाही. मुलाची पहिली भाषा फ्रेंच आहे की अरबी की इंग्रजी, हे न विचारता सर्वांच्या हाती एकच पुस्तक देणे म्हणजे वारसास वारसापत्र देऊन वाड्याची किल्ली न देण्यासारखे आहे.

इतके पाहिल्यावर मराठी वा कोंकणी बोलणाऱ्या वाचकाने विचारावे की, यांत माझे पुस्तक कोठे आहे? आणि हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. इंग्रजी पुस्तके पूर्व आर्मेनियनच्या उच्चारांपाशी विद्यार्थ्यास घाबरवितात. कारण तेथे ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य अशा प्रत्येक वर्गात तीन तीन वर्ण आहेत, आणि त्यांतील अल्पप्राण व महाप्राण हा भेद इंग्रज कानास ऐकू येत नाही. आपणांस ते म्हणजे ब, प आणि ओठ मिटून उच्चारलेला फ. द, त, थ. ग, क, ख. यात शिकण्यासारखे काय आहे? त्याहून आश्चर्य असे की, 'चमचा' यातील दंततालव्य च आणि 'चिंच' यातील तालव्य च, तसेच 'जहाज' व 'जीव' यांतील दोन ज, यांत मराठी व कोंकणी जो भेद बोलण्यात करतात पण लिहिण्यात करीत नाहीत, तो आर्मेनियन निराळी अक्षरे देऊन दाखविते. केवळ दंततालव्य च चा महाप्राण तेवढा आपणांस नवा.

दुसरे उदाहरण व्यंजनांच्या गर्दीचे. 'मकर्तिछ' हे आर्मेनियन पुरुषनाम लिहिताना म, क, र, त ही चार व्यंजने एकापुढे एक येतात, मध्ये स्वर लिहीत नाहीत. युरोपीय लेखक येथे पानभर नियम देतात. देवनागरीत वाढलेल्या वाचकास एक वाक्य पुरे: न लिहिलेला अ व्यंजनाच्या पोटात धरून चाला.

वाक्यरचनेतही हेच. 'येस गिर्ख एम कारदुम' याचा शब्दशः अर्थ 'मी पुस्तक आहे वाचत'. धातुसाधित आणि 'असणे' यांच्या जोडीने वर्तमानकाळ करण्याची ही रीत 'मी पुस्तक वाचत आहे' म्हणणाऱ्यास परकी नाही. 'आहे' जागा बदलते आणि ज्या शब्दावर भर त्यास जाऊन चिकटते, एवढेच लक्षात ठेवावयाचे. ग्राबारमध्ये 'त्याने आणले आहे' हे सांगताना कर्ता षष्ठीत जातो. युरोपीय विद्यार्थी येथे चकित होतो. 'माझे वाचून झाले आहे' असे रोज म्हणणारा आपण का व्हावे? आणि खाणेपिणे, पुस्तक-बिस्तक या आपल्या जोडशब्दांप्रमाणे आर्मेनियन माणूस 'गिर्ख-मिर्ख' म्हणतो, हे कळताच त्या भाषेची बैठक घरगुती वाटू लागते.

अर्थात आपली अशी निराळी ठेचही आहे. पुस्तक माझ्याजवळ, तुझ्याजवळ की दोघांपासून दूर, हे आर्मेनियन नामास जोडलेल्या स, द, न या प्रत्ययांनी दाखविते: 'गिर्खस' म्हणजे माझ्याकडचे, 'गिर्खद' म्हणजे तुझ्याकडचे. आपल्या 'हा' आणि 'तो' यांत हा मधला दुवा नाही. मात्र संस्कृतातील इदम्, एतद्, अदस्, तद् यांच्या अंतराची श्रेणी ज्याने पाठ केली आहे, त्यास या विभागणीचे मर्म लवकर उमजेल. लिंगभेद तर नाहीच; 'तो' आणि 'ती' यांस एकच सर्वनाम. प्रत्येक वस्तूस लिंग देण्याची सवय असलेल्या आपल्या मनास ही मोकळीक प्रारंभी अडखळवील.

सर्वांत मोठा धोका व्युत्पत्तीच्या मोहाचा. आपल्याकडील जिज्ञासू शब्दसाम्य दिसले की नाते जुळवून मोकळा होतो. आर्मेनियनमध्ये सहस्रास 'हाज़ार' म्हणतात. हे साम्य खरे, पण ते रक्ताचे नाते नव्हे. तो शब्द त्यांनीही इराणी भाषेतून घेतला आणि आपणही फारसीतून घेतला. उलट 'येर्कु' म्हणजे दोन. याचे आपल्या 'द्वौ'शी सख्खे नाते आहे, यावर प्रथमदर्शनी कोण विश्वास ठेवील? पाचास 'हिंग' म्हणतात. त्याचा संबंध आपल्या स्वयंपाकघरातील हिंगाशी नाही, 'पंच' शब्दाशी आहे. पुराव्याचा नियम येथेही तोच: चेहरा मिळतो म्हणून वारसा सिद्ध होत नाही, सातत्य दाखवावे लागते. संस्कृतच्या द च्या जागी आर्मेनियन त देते: दश, तासन, वेदातील गृहवाचक दम, तुन. भ च्या जागी ब: भरामि, बेरेम. मूळ प च्या जागी ह: पितृ, हाय्र; पंच, हिंग. असे नियम ओळीने उभे राहिले म्हणजे साक्ष ग्राह्य धरावी. संस्कृतची ओळख असलेल्या विद्यार्थ्यास हा भाग फार लवकर साधेल. म्हणूनच त्यास आवर घालणारा शिक्षक अधिक हवा.

कोणी म्हणेल, आपल्यास आर्मेनियनचे काय प्रयोजन? त्यास उत्तर आपल्या देशातच आहे. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७७२ साली मद्रासेत छापखाना घातला. तेथे शाहामिर्यान कुटुंबाने, स्वतंत्र आर्मेनिया अस्तित्वात नसताना, तिच्या राज्यघटनेचा मसुदा छापला. त्याच्या मुखपृष्ठावर १७७३ हे वर्ष आहे. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक 'अज़्दारार' हेही १७९४ साली मद्रासेतच हारुत्युन श्मावोनियान या धर्मगुरूने काढले. कोलकात्यातील आर्मेनियन विद्यालय १८२१ चे. राज्य नसलेल्या लोकांनी आपल्या भूमीवर बसून आपल्या भाषेत कायदा लिहिला, आणि तो कायदा कोणत्या अक्षरांत आहे हे आपणांपैकी फारच थोड्यांस वाचता येते. कायद्याच्या अभ्यासकास तरी ही उणीव बोचावी.

म्हणून मराठीत आर्मेनियनचे प्रवेशपुस्तक व्हावे असे मी आग्रहाने म्हणतो. आणि ते इंग्रजीवरून उतरविलेले नसावे हे त्याहून आग्रहाने. इंग्रजाची भीती भाषांतरित करून आपणांस काय मिळणार? त्याने पहिल्या पृष्ठावर सांगावे की येथे पूर्व आर्मेनियन शिकविली आहे किंवा पश्चिम. दुसऱ्यावर वर्णमाला देवनागरीच्या वर्गांनुसार मांडावी, आणि दंततालव्य व तालव्य यांचे खण वेगळे करावे. तिसऱ्यावर संख्यावाचक शब्द द्यावे; हाज़ारपुढे 'उसना' आणि येर्कुपुढे 'सख्खा' असे स्पष्ट लिहावे. रूपांचे तक्ते शेवटी असावेत, संवाद आधी. लिंगे, वचने, विभक्ती यांची संख्या आर्मेनियनला विचारून ठरवावी. ग्रीकला नव्हे, लॅटिनला नव्हे आणि, आपल्या भक्तीला थोडी मुरड घालून म्हणतो, संस्कृतलाही नव्हे.